ड्रॉइंगवरचा लाल डाग

आमच्या कारखान्यात मला 'परराष्ट्रमंत्री' म्हणायचे. नाव ठेवणाऱ्यांचं काही चुकलं नव्हतं. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत आमची फाउंड्री आहे. लोखंड वितळवायचं, वाळूच्या साच्यात ओतायचं, थंड झालेला नग साफ करून पाठवायचा, हा धंदा. मी तपासणी विभागाचा प्रमुख. नग ड्रॉइंगबरहुकूम उतरलाय की नाही हे मोजायचं, एवढंच माझं काम. पण जेवणाच्या सुट्टीत डब्याचं झाकण उघडलं की मी तैवानच्या सामुद्रधुनीत शिरायचो आणि ताक संपेपर्यंत तांबड्या समुद्रातून बाहेर पडायचो. अमेरिकेच्या युद्धनौका कुठे उभ्या आहेत, चीनने कुठल्या बेटावर धावपट्टी बांधली, रशियाने कोणाच्या गळ्यात गळा घातला, हे मला आमच्या सोसायटीतल्या भांडणांपेक्षा जास्त पाठ असायचं. समोरचा ऐकतोय की नुसतीच भाकरी मोडतोय, याच्याशी मला देणंघेणं नव्हतं.

हा निव्वळ रिकामटेकडेपणा होता असं मात्र मी आजही कबूल करणार नाही. मोठे देश एकमेकांकडे डोळे वटारायला लागले की त्याची धग आमच्या भट्टीपर्यंत यायची. तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि आमच्या जर्मन गिऱ्हाइकाचे कंटेनर आफ्रिकेला वळसा घालून जायला लागले. नग पोचायच्या आधी तिकडून रागाची पत्रं पोचायची. त्याआधी युक्रेनचं युद्ध पेटलं तेव्हा रशियाला जाणारा माल थांबला, आणि थोड्याच दिवसांत आखातातल्या एका व्यापाऱ्याची चौकशी आली. त्याने पाठवलेलं ड्रॉइंग मी टेबलावर पसरलं आणि लगेच ओळखलं. पूर्वी आम्ही रशियाला पाठवायचो तेच पंपाचं कवच होतं ते. मापं तीच, भोकं तीच. फक्त उजव्या कोपऱ्यात कंपनीचं नाव असतं ती जागा पांढरी केलेली. सोबत शिक्का मारलेला कागद होता, की हा माल बंदी घातलेल्या कुठल्याही देशात जाणार नाही आणि शस्त्रासाठी वापरला जाणार नाही. मी मालकांना कोपरा दाखवला. ते म्हणाले, "माप बरोबर हाय न्हवं? मग तुझं काम झालं." तेव्हापासून शिक्का मारलेल्या कागदावर माझा विश्वास उरला नाही. माणसांवरचाही हळूहळू उडत गेला असणार, पण ते मला तेव्हा कळलं नाही.

माझं सगळं ऐकून घेणारा एकच माणूस होता, पॅटर्न शॉपचे अण्णा. साच्यात पोकळी उठवायची तर आधी ती वस्तू हुबेहूब लाकडात करावी लागते. तिला पॅटर्न म्हणतात, आणि ते करण्यात अण्णांचा हात धरणारा अख्ख्या एमआयडीसीत कोणी नव्हता. माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठे. घर जयसिंगपुरात, आठवडाभर कागलला खोली घेऊन राहायचे, सुट्टीला घरी जायचे. घरात कानडी, बाहेर मराठी. पॅटर्नवर जिथे पुढे मशीनने घासायचं असतं तो भाग लाल रंगवतात, त्यामुळे अण्णांच्या बोटांवर कायम लाल रंग असायचा. बावीस वर्षं आम्ही एका बाकावर बसून डबा खाल्ला. मी चीन-अमेरिकेचं सगळं रामायण लावायचो आणि ते शेवटी विचारायचे, "व्हय, पण त्या बेटावरची मानसं खात्यात काय, ते सांग की आदी." मला राग यायचा. माझ्या मोठ्या गोष्टीला असं टाचणीने टोचलेलं मला कधीच आवडलं नाही.

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे एक वेगळं काम आलं. देशातलंच गिऱ्हाईक, पण माल संरक्षण खात्यासाठी. पुन्हा एक कवचच, दोन कप्प्यांचं, वळणावळणाचं. ते कशात बसणार हे सांगितलं नव्हतं आणि विचारायचं नव्हतं. कामाआधी गिऱ्हाइकाचा सुरक्षा अधिकारी येऊन गेला. सडपातळ माणूस, साधा शर्ट, पण बसण्या-उठण्यात फौज दिसत होती. त्याने पडद्यावर जगाचा नकाशा लावला आणि तासभर बोलला. कोण कोणाच्या सीमेवर काय करतोय, ड्रोनचे सुटे भाग किती देशांतून फिरत येतात, एखाद्या साध्या नगाच्या फोटोवरून शत्रू काय काय ओळखतो. बाकीचे जांभया देत होते. मी मात्र पहिल्या रांगेत बसून प्रश्नावर प्रश्न विचारले. आयुष्यात पहिल्यांदाच कोणी माझ्या भाषेत बोलत होतं. जाताना तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "तुमच्यासारखी जागी माणसं हवीत." मी आठवडाभर हवेत होतो.

नियम कडक झाले. चिनी कॅमेरे भिंतीवरून उतरले. फोन गेटवरच्या लाकडी खणात ठेवायचे आणि वहीत सही करायची. ड्रॉइंगच्या दोनच प्रती काढल्या, एक माझ्याकडे, एक अण्णांकडे, दोन्ही कुलपात. मी चहावाल्यावर नजर ठेवायला लागलो. भंगारवाल्याचा टेम्पो खाली वाकून बघायला लागलो. अण्णा म्हणाले, "अरं, ते भंगार न्ह्यायला येतंय, देश न्ह्यायला न्हाय." मी त्यांच्याकडे कपाळाला आठ्या घालून पाहिलं.

पहिला नग पास झाला आणि आठवड्यात खंडेनवमी आली. कोल्हापूरकडे कारखान्यात खंडेनवमी म्हणजे दिवाळीच्या वरचा सण. आदल्या दिवशी शेड धुऊन काढतात, मशीनला तेलपाणी करून झेंडूच्या माळा घालतात. त्या दिवशी भट्टी बंद, काम बंद. घरची माणसं नटूनथटून कारखाना बघायला येतात. पोरं क्रेनखाली फिरतात, बायका "ह्ये काय वो?" विचारत मशीनला हात लावून नमस्कार करतात. प्रत्येक जण आपापली हत्यारं मांडतो. मोल्डिंगवाला आपली थापी मांडतो, फिटर पाने मांडतो. मी तपासणीचा माणूस. माझ्या ग्रॅनाइटच्या टेबलावर मी व्हर्निअर, मायक्रोमीटर, गेज मांडले, मध्यभागी तो नवा नग ठेवला. आणि दसऱ्याला पाटी-पुस्तक पुजतात त्या हिशेबाने, माझी खरी विद्या म्हणजे ड्रॉइंग, म्हणून तेही कुलपातून काढून नगामागे उभं केलं. हळदकुंकू वाहिलं, फुलं ठेवली, हात जोडले. माझ्या मनात खरोखर भक्ती होती.

फोनचा नियम त्या दिवशी कोणाच्या डोक्यातही आला नाही. गेटवरच्या खणांना कुलूप होतं, वही मिटलेली, पहारेकरी स्वतःच मशीनच्या माळा बांधत होता. सणाच्या दिवशी कारखाना हा कारखाना नसतो, देवघर असतं, आणि देवघराचा फोटो काढायला कोणाची परवानगी लागते? मीही काढला. 'खंडेनवमीच्या हार्दिक शुभेच्छा' लिहून घरच्यांना, मित्रांना, सोसायटीला, वर्गमित्रांना, सगळ्यांना पाठवला. अण्णा सकाळीच आपल्या विभागाची पूजा उरकून जयसिंगपूरला गेले होते, त्यांनाही पाठवला. दिवसभर हात जोडलेल्या चित्रांचा पाऊस पडला. मी जेवून झोपलो आणि ते सगळं विसरून गेलो.

महिना-दीड महिन्यानंतर मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घेतलं. गिऱ्हाइकाचं पत्र आलं होतं. परदेशातल्या कुठल्या तरी दलालाने आमच्या गिऱ्हाइकालाच विचारणा केली होती, की असा नग बनवून मिळेल का? आणि खाली फोटो जोडला होता. फोटो म्हणजे तुकडा होता. नगाची अर्धी बाजू, मागे ड्रॉइंगचा कोपरा, मोठं करून करून फाटल्यासारखं दिसणारं चित्र. ड्रॉइंगच्या कडेला एक लाल डाग. मी तो कागद हातात घेतला आणि माझ्या अंगातून थंड शिरशिरी गेली. खोटं कशाला बोलू, तिच्यात थोडा आनंदही होता. इतकी वर्षं जेवणाच्या बाकावर ज्या जगाच्या गप्पा मारल्या, ते जग अखेर आमच्या शेडमध्ये आलं होतं.

मी हिशेब मांडला. दोनच प्रती. एक माझ्याकडे होती आणि माझ्याकडून गेली नाही, हे मला ठाऊक होतं. उरले अण्णा. मग तो लाल डाग. लाल रंग आमच्याकडे एकाच खोलीत असतो. मग अण्णांची मुलगी. ती रशियात डॉक्टरकी शिकत होती. एवढं जुळल्यावर माझ्या मनाने पुढे विचार करायचं सोडून दिलं आणि फक्त पुरावे वेचायला घेतले.

पंधरा दिवस मी अण्णांच्या मागावर होतो. बावीस वर्षं ज्या माणसाच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी खाल्ली, त्याच्या पिशवीत काय काय आहे हे मी चोरून बघायला लागलो. दुपारी एकला ते गेटवर जाऊन आपला फोन घ्यायचे आणि करंजाच्या झाडाखाली उभे राहून बोलायचे. पूर्वीही बोलायचे, पण आता मला ते कानडीत बोलतात हे खुपायला लागलं. मला कानडी येत नाही. बोलताना ते तोंडावर हात धरायचे. वारं होतं म्हणून धरायचे, हे मला आज कळतं. तेव्हा वाटलं, लपवतायत. त्यांनी कोणत्या दिवशी किती मिनिटं फोन घेतला हे मी गेटवरच्या वहीतून उतरवून काढलं. सगळे दिवस तपासले. खंडेनवमीचा दिवस सोडून, कारण त्या दिवसाचं पान कोरंच होतं.

एका संध्याकाळी अण्णा लवकर गेले होते. मी पॅटर्न शॉपमध्ये जाऊन त्यांचा खण उघडला. आत फडक्यात गुंडाळलेला लाकडाचा तुकडा. दोन कप्पे, वर वळलेल्या नळ्या, अर्धवट कोरलेला. अंधारून आलं होतं, कोणी येईल ही धास्ती होती. मी फडकं परत गुंडाळलं. मी मोजलं नाही. जन्मभर ज्याने मोजल्याशिवाय एक नग पुढे सोडला नाही त्या माणसाने तो तुकडा नुसता बघितला आणि ठरवून टाकलं की हा बाहेर पाठवायचा नमुना आहे.

सुरक्षा अधिकारी परत आला. केबिनमध्ये मालक, तो आणि मी. त्याने विचारलं, "ज्यांच्या हातात ड्रॉइंग होतं, त्यांच्यापैकी कोणाचं कोणी परदेशात आहे?" मी घसा साफ केला. "अण्णांची मुलगी रशियात आहे," मी म्हणालो. मग लाल रंगाचं सांगितलं, फोनचं सांगितलं, खणातल्या लाकडाचं सांगितलं. कोणीही माझ्यावर जबरदस्ती केली नव्हती. मी आपणहून, क्रमाने, तपासणीचा अहवाल द्यावा तसं सगळं सांगितलं.

मग अण्णांना बोलावलं. त्यांच्यासमोर फोटो ठेवला. त्यांनी चष्मा लावला, कागद उचलला, बराच वेळ बघितला. मग मान वर करून माझ्याकडे बघितलं. तसं बघणं मी कधी पाहिलं नव्हतं. ते काहीतरी म्हणतील असं वाटलं. अधिकाऱ्याने विचारलं, "तुम्हाला काही सांगायचंय?" अण्णांची नजर अजून माझ्यावरच होती. "मला काय सांगायचं न्हाय," ते म्हणाले. माझी खात्री पटली. निर्दोष माणूस आरडाओरडा करतो, असं मला वाटत होतं.

चौकशी होईपर्यंत घरी बसा, असं त्यांना सांगितलं. गेटपास काढून घेतला. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. चौकशी काही पुढे सरकली नाही, कारण पुढे सरकवण्यासारखं काही नव्हतंच. दोन महिन्यांनी त्यांचा राजीनामा टपालाने आला. अधिकाऱ्याने मला जाताना आणखी एक सल्ला दिला होता, फोनमधले जुने निरोप ठेवू नका, पुसून टाका. मी शहाण्यासारखे सगळे पुसले. जेवणाच्या बाकावर आता कोणी माझं ऐकत नव्हतं. लोक डबा घेऊन दुसरीकडे बसायला लागले होते. मला वाटलं, ते मला घाबरतात. आपल्या शब्दाला वजन आलंय, असंही वाटलं.

पुढच्या वर्षीची खंडेनवमी. पुन्हा माळा, पुन्हा पेढे, पुन्हा घरची माणसं शेडमध्ये, आणि पुन्हा सगळ्यांच्या हातात फोन. एवढं रामायण होऊनही त्या दिवशी कोणाच्या डोक्यात नियम आला नव्हता, माझ्याही नाही. मी माझ्या टेबलाशी उभा होतो. खिशात फोन थरथरला. हल्ली फोन स्वतःच जुने फोटो वर काढतो आणि विचारतो, आठवतंय का? मी सहज बघितलं. माझंच टेबल. व्हर्निअर, गेज, मध्ये तो नग, मागे ड्रॉइंग. ड्रॉइंगच्या कडेला सांडलेलं कुंकू.

मी दोन बोटांनी फोटो मोठा केला. फाटल्यासारखा होईपर्यंत मोठा केला. नगाची अर्धी बाजू, ड्रॉइंगचा कोपरा, लाल डाग. केबिनमध्ये पाहिलेला तुकडा हाच होता, तसूभरही फरक नाही. बायको विचारत होती, "काय झालं वो? घाम का आलाय?" मी म्हटलं, "भट्टीची धग." भट्टी बंद होती.

कुठून कुठे गेला असेल तो फोटो, याचा शोध मी नंतर घेतला. पुण्यातल्या माझ्या भाच्याने मोठ्या कौतुकाने 'मामाच्या कंपनीचं काम' म्हणून तो त्याच्या व्यापारी मित्रांच्या ग्रुपवर टाकला होता. पुढचं त्यालाही माहीत नाही. कुठली महासत्ता नव्हती, कुठला हेर नव्हता. मी होतो, माझी भक्ती होती आणि माझी हौस होती.

दुसऱ्या दिवशी दसरा. संध्याकाळी आपट्याची पानं घेऊन मी जयसिंगपूरला गेलो. गाडीवरून जाताना मी बोलायची वाक्यं पाठ करत होतो. अण्णा अंगणात रंधा मारत बसले होते. लाकडी देव्हारा करत होते. ज्या हाताने केसाएवढ्या मापाचे पॅटर्न केले, तो हात आता बाजारासाठी देव्हारे करत होता. बोटांवर लाल रंग नव्हता.

"ये की," ते म्हणाले. "हुबा का?"

मी पानं दिली. त्यांनी घेतली. वहिनी चहा घेऊन आल्या, पण नेहमीसारखं "भावजी" म्हणाल्या नाहीत. कप ठेवून म्हणाल्या, "पोरीच्या कागदपत्रांची दोनदा चौकशी झाली. गावात बोलत्यात, रशियाला नकाशे धाडलं म्हनून काढला." आणि आत निघून गेल्या.

भिंतीतल्या फळीवर एक लाकडी वस्तू होती. वर त्याच वळलेल्या नळ्या, तेव्हाच्या दोन कप्प्यांचे चार झालेले, आता पूर्ण झालेली, पॉलिश केलेली. मी बघतोय हे अण्णांनी पाहिलं. "काळीज हाय," ते म्हणाले. "पोरगीला अभ्यासाला पायजे हुतं. मानसाचं काळीज आतनं कसं असतंय, ते. माझ्या खणात हुतं. सायबानं त्येचं इचारलं तवा कळलं, तू बघितलंतंस."

मी पाठ केलेली सगळी वाक्यं विसरलो. "अण्णा, तो फोटो माझा हुता," एवढंच म्हणालो. "खंडेनवमीचा. ते कुंकू हुतं. तुमच्यावर आळ आला तो माझ्यामुळं."

"म्हाईत हाय."

"कवापासनं?"

"टेबलावर ठिवला तवापासनं." त्यांनी चष्मा लावला, फोन घेतला, अंगठ्याने बराच वेळ वर सरकवत राहिले आणि फोन माझ्यासमोर धरला. माझा फोटो. खाली माझ्या शुभेच्छा. त्याखाली अण्णांचं उत्तर: 'लई झक्कास. ड्रॉइंगवर कुंकू सांडलंय बघ, पूस की.' आणि त्याखाली मी पाठवलेले दोन जोडलेले हात.

"मग त्या वेळीच का न्हाय बोललासा?" मी विचारलं.

"मी का बोलू? तू म्होरं बसलातास की." त्यांचा आवाज चढला नव्हता, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. "म्हटलं, ह्येनं काढलेला फोटो हाय, ह्यो आता बोलंल. मग बोलंल. तू तर मी आत याच्या आदीच बोललातास. पोरीचं बोललास."

"मला म्हाईतच नव्हतं, अण्णा. आईशप्पत. मला आठवलाच न्हाय तो फोटो."

"बावीस वर्सं माझा पॅटर्न पाव मिलीमीटर कमी-जास्त झाला तर माघारी पाठवत हुतास. त्येवढं बारीक दिसतंय तुला. आनि सोताचा फोटो दिसला न्हाय?"

"न्हाय दिसला."

"बरं, तुझा फोन दाव. माझं उत्तर तू वाचलंतंस का न्हाय, बघू."

"पुसलंय सगळं," मी म्हणालो. "त्या सायबानंच सांगितलंतं."

अण्णा हसले. बावीस वर्षांत ते माझ्यावर पुष्कळदा हसले होते, पण हे तसलं हसणं नव्हतं. तेव्हा मला कळलं की गेलं वर्षभर हा माणूस मला मूर्ख समजत नव्हता. त्याची खात्री होती की मला सगळं ठाऊक होतं, स्वतःची कातडी वाचवायला मी ठरवून त्याचा बळी दिला, आणि पुरावाही वेळेवर पुसला. माझ्याकडे खोडून काढायला काही नव्हतं. त्यांच्या जागी मी असतो तर माझीही हीच खात्री पटली असती. किंबहुना एवढा पुरावा मी मागितलाही नसता.

सोमवारी मी मालकांना सगळं सांगितलं. त्यांनी डोक्याला हात लावला. मग म्हणाले, "झालं ते झालं. त्या गिऱ्हाइकाचं काम परत सुरू हाय. आता कशाला उकरालाईस?" मी ऐकलं नाही. घडलेलं सगळं कागदावर लिहिलं, खाली सही केली. ऑफिसात त्याची नोंद करून घेतली, पोच म्हणून दुसऱ्या प्रतीवर कंपनीचा गोल शिक्का मारून घेतला. तेवढ्याच कामासाठी पुन्हा जयसिंगपूरला गेलो.

अण्णांनी कागद घेतला. खिडकीपाशी जाऊन उजेडात धरला. सगळा वाचला, सावकाश, एकेक ओळ. मग उजव्या कोपऱ्यातला शिक्का बघत राहिले. नखाने त्याची कड खरवडून पाहिली. कागद उलटा करून मागून पाहिला.

"ह्यो शिक्का कोन बी करंल," ते म्हणाले. "लाकूड दे, मी संध्याकाळपत्तुर करून देतो."

"मालकांना फोन लावा," मी म्हणालो. "इचारा."

"मालक काय सांगनार? तुझंच की."

त्यांनी कागदाची नीट घडी घातली आणि माझ्या शर्टाच्या खिशात ठेवली. खिसा वरून थोपटला. "ऱ्हाऊ दे तुझ्याजवळ," ते म्हणाले. "म्होरं चौकशी झाली तर तुला लागंल." मग परत अंगणात जाऊन त्यांनी रंधा हातात घेतला.